डिस्क तुमची, परवानगी आमची: एक्सबॉक्स वनचे तेरा दिवस

६ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्या येऊ घातलेल्या एक्सबॉक्स वन या कन्सोलचे, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचे, नियम जाहीर केले. २१ मे रोजी रेडमंडच्या आवारात कन्सोलचं अनावरण झालं, तेव्हापासून एकाच प्रश्नावर गोंधळ चालू होता: खेळून झालेला गेम विकता येणार की नाही? कंपनीचे अधिकारी पत्रकारांना वेगवेगळी उत्तरं देत होते. एका मुलाखतीतून असं कळलं की तीच डिस्क दुसऱ्याने आपल्या अकाउंटवरून चालवायची ठरवली तर त्याला गेमची पूर्ण किंमत भरावी लागेल. लगेच खुलासा आला की सगळं अजून ठरलेलं नाही, तपशील नंतर देऊ. ६ जूनला तपशील आला. गोंधळ संपला, संताप सुरू झाला.

नियम असे होते. गेम डिस्कवर घ्या किंवा डाउनलोड करा, एकदा कन्सोलवर चढवला की तो तुमच्या अकाउंटच्या नावावर लागणार. त्यानंतर डिस्कची गरज नाही. ती कपाटात पडून राहिली तरी गेम चालणार. या सोयीच्या बदल्यात कन्सोलने दर २४ तासांत एकदा इंटरनेटवरून हजेरी लावायची. दुसऱ्याच्या घरी बसून आपल्या अकाउंटवरून खेळत असाल तर हीच मुदत एका तासाची. हजेरी चुकली की गेम बंद. टीव्ही आणि ब्लू-रे सिनेमे तेवढे चालू. गेम विकायचा तर ठरलेल्या दुकानांतच, आणि तोही गेम बाजारात आणणाऱ्या प्रकाशकाने मुभा दिली असेल तर. मित्राला द्यायचा तर तो तुमच्या फ्रेंड्स यादीत किमान ३० दिवस असायला हवा, एक गेम एकदाच देता येईल, आणि इथेही प्रकाशकाचा होकार हवाच. चार दिवस उसना देणं किंवा भाड्याने देणं सुरुवातीला शक्य नव्हतं. त्याबद्दल पुढे पाहू, असं सांगून विषय संपवला होता.

याच जाहीरनाम्यात एक खरोखर चांगली गोष्ट होती. कुटुंबातल्या दहा जणांपर्यंत कोणालाही, कुठल्याही एक्सबॉक्स वनवर लॉग-इन करून, तुमचे गेम खेळता येणार होते. मालक केव्हाही खेळू शकेल आणि त्याच वेळी कुटुंबातला आणखी एक जण त्याच संग्रहातून खेळू शकेल. भाऊ पुण्यात, बहीण न्यू जर्सीत, आणि गेम एकदाच विकत घेतलेले: असं काही यातून घडू शकलं असतं. पण 'कुटुंब' म्हणजे नेमकं कोण, हे धड सांगितलं नव्हतं, आणि ज्या पानावर विकण्या-देण्याच्या अटी होत्या त्याच पानावर ही सवलत अंग चोरून बसली होती. कोणाचं तिच्याकडे लक्ष गेलं नाही.

त्या ३० दिवसांच्या अटीपाशी जरा थांबायला हवं, कारण सगळी मेख तिथे आहे. मित्राला गेम द्यायला ३० दिवसांची ओळख कशाला हवी? मित्रांसाठी ती अट नव्हतीच. ती होती अनोळखी माणसासाठी. जाहिरात टाकायची, समोरचा येणार, पैसे देणार, डिस्क घेऊन जाणार, हा व्यवहार तिने मोडला असता. महिनाभर आधी यादीत घेतल्याशिवाय देता येत नाही आणि एकदा दिलेला गेम पुढे सरकत नाही म्हटल्यावर दोन माणसांमधली थेट विक्री संपते. उरतं काय, तर मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेशी जोडलेलं दुकान. 'आपापसात विकायला बंदी' असं वाक्य त्या पानावर कुठेही नाही. पण सगळ्या अटींची बेरीज मांडली की उत्तर तेच येतं, आणि वाचणाऱ्यांनी ती बेरीज पहिल्याच संध्याकाळी मांडली.

वेळही वाईट साधली होती. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेची प्रिझम ही टेहळणी योजना उघड झाली ती याच ६ जूनला, आणि त्यातल्या कंपन्यांमध्ये मायक्रोसॉफ्टचं नाव होतं. नव्या कन्सोलबरोबर कायनेक्ट हा कॅमेरा आणि मायक्रोफोन सक्तीने येणार होता. 'दर २४ तासांनी आमच्याशी संपर्क करा' हे वाक्य लोकांनी त्या आठवड्यात कसं वाचलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

एवढा खटाटोप कशासाठी, हे कळायला दुकानाच्या गल्ल्याकडे पाहावं लागतं. अमेरिकेतल्या गेमस्टॉप या साखळीची २०१२ च्या आर्थिक वर्षातली जुन्या मालाची विक्री सुमारे २.४ अब्ज डॉलर होती. एकूण विक्रीच्या पाव भागाहून थोडी जास्त, पण ढोबळ नफ्यातला तिचा वाटा चाळीस टक्क्यांहून जास्त. नव्या गेमवर दुकानाला रुपयामागे वीस-बावीस पैसे सुटत, जुन्यावर जवळपास पन्नास. ६० डॉलरचा गेम ग्राहक आणून देणार, दुकान त्याला थोडी रक्कम देणार, आणि तीच डिस्क नव्यापेक्षा जेमतेम पाच डॉलर स्वस्तात शेजारच्या फळीवर ठेवणार. या दुसऱ्या विक्रीतला एक सेंटही ज्याने गेम बनवला त्याच्याकडे जात नाही. करोडो डॉलर घालून गेम काढायचा आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याच दुकानात आपल्याच डिस्कने आपल्याशी स्पर्धा करायची, ही प्रकाशकांची तक्रार खोटी नव्हती. त्या जूनमध्ये एका नावाजलेल्या गेम-डिझायनरने उघडपणे लिहिलंही, की बजेट एवढी मोठी असताना जुन्या आणि भाड्याच्या गेमचा धंदा शेजारी चालू राहणं हिशेबात बसत नाही.

तक्रार खरी, पण अर्धी. गेमस्टॉपचं म्हणणं असं होतं की जुन्या गेमच्या बदल्यात ग्राहकाला जी पत मिळते तिच्यातला सुमारे ७० टक्के भाग लगेच नव्या मालावरच खर्च होतो. आकडा दुकानदाराच्या सोयीचा आहे, मान्य. तरी रोख बरोबर आहे. ६० डॉलरचा गेम घेणारा मुलगा ६० डॉलर खर्च करतोय असं धरून चालतच नाही. यातले वीस-पंचवीस परत येतील हे त्याने आधीच गृहीत धरलेलं असतं. परत विकण्याची सोय काढली तर नव्या गेमची किंमत त्याच्यासाठी तेवढ्याने वाढते. प्रकाशकांपैकी कोणी 'मग आम्ही किंमत कमी करतो' म्हणाला असता तर चर्चा वेगळी झाली असती. कोणीही म्हणालं नाही.

कायद्याच्या दारात हा धंदा आधीच जाऊन आला होता. अमेरिकेत १९०४ साली एका पुस्तक-प्रकाशकाने पानावर सूचना छापली होती की एक डॉलरहून कमी किमतीला विकल्यास कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ते पुस्तक ८९ सेंटला विकलं. सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये निकाल दुकानाच्या बाजूने दिला: पहिली विक्री झाली की त्या प्रतीवरचा तुमचा ताबा संपला. हे तत्त्व पुढे कायद्यात लिहिलं गेलं. १९९० मध्ये सॉफ्टवेअर भाड्याने देण्यावर तिथे बंदी आली, पण कन्सोलचे गेम त्यातून वगळले, म्हणून गल्लोगल्लीची व्हिडिओ दुकानं गेम भाड्याने देत राहिली. जपानमध्ये गेम कंपन्यांनी थेट जुन्या गेमच्या दुकानांवरच खटले भरले. गेम हा चित्रपटासारखा आहे आणि चित्रपटाच्या प्रती कोणाकडे जाव्यात हे ठरवायचा निर्मात्याला हक्क आहे, असा युक्तिवाद होता. २५ एप्रिल २००२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, गेम चित्रपटासारखा असेलही, पण लोकांना विकलेल्या प्रतीवरचा तो हक्क पहिल्या विक्रीतच संपला.

कोर्टात जे मिळालं नाही ते मग यंत्रातच बसवायचे प्रयत्न सुरू झाले. २०१० पासून ईए कंपनीने नव्या डिस्कसोबत एकदाच वापरता येईल असा कोड द्यायला सुरुवात केली. जुनी डिस्क घेणाऱ्याला ऑनलाइन खेळायचं तर दहा डॉलर वेगळे. बाकीच्या कंपन्यांनीही हाच कित्ता गिरवला. २०११ मध्ये कॅपकॉमने निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठी एक गेम काढला, त्यातली खेळाची नोंद पुसताच येत नव्हती. दुसऱ्याने कार्ट्रिज घेतलं तर त्याला आधीच्या मालकाने संपवलेला गेम मिळणार. पाटी कोरी करायची सोयच नाही. कंपनीने सांगितलं की जुन्या विक्रीला आळा घालायचा उद्देश नव्हता. असेल तसं.

गंमत अशी की ईएने आपली दहा डॉलरची कोड-पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं ते मे २०१३ मध्येच, एक्सबॉक्स वनच्या अनावरणाच्या जेमतेम आठवडाभर आधी. त्यामुळे लोकांना लगेच वास आला: आता हे काम कन्सोलच करणार दिसतंय. असा करार झाल्याचा पुरावा नाही. पण संशयाला खतपाणी मिळालं.

कायद्यातली फट इथेच आहे, आणि मायक्रोसॉफ्ट तिच्यातूनच चाललं होतं. पहिल्या विक्रीचं तत्त्व म्हणतं की तुमची डिस्क तुम्ही विकू शकता. पुढच्या माणसाच्या कन्सोलवर ती चालेल अशी व्यवस्था निर्मात्याने केलीच पाहिजे, असं ते म्हणत नाही. म्हणजे डिस्क विकायला कोणाचीच हरकत नव्हती. फक्त विकत घेणाऱ्याच्या हाती एक चकचकीत चकती आली असती.

१० जूनला लॉस एंजेलिसमध्ये व्हिडिओ गेमच्या ई-३ मेळ्याच्या निमित्ताने मायक्रोसॉफ्ट आणि तिची प्रतिस्पर्धी सोनी, दोन्ही कंपन्यांचे कार्यक्रम झाले. सकाळी मायक्रोसॉफ्टने किंमत सांगितली, ४९९ डॉलर. जुन्या गेमचा विषय मंचावर निघालाच नाही. संध्याकाळी सोनीचे जॅक ट्रेटन उभे राहिले आणि सांगितलं की प्लेस्टेशन ४ (पीएस४) या त्यांच्या नव्या कन्सोलवर जुन्या गेमना कसलीही आडकाठी नसेल. डिस्क दुकानात बदला, दुसऱ्याला विका, मित्राला उसनी द्या नाहीतर जन्मभर ठेवा. दर २४ तासांची हजेरीही नाही. किंमत ३९९ डॉलर. प्रेक्षागृह इतकं ओरडत होतं की बिचाऱ्याला वाक्यावाक्याला थांबावं लागत होतं. सोनीने त्याच रात्री अर्ध्या मिनिटाहूनही छोटा एक व्हिडिओ टाकला, 'जुना गेम मित्राला कसा द्यावा' याचं प्रात्यक्षिक. सोनीचे अधिकारी शुहेई योशिदा डिस्कचा डबा पुढे करतात, शेजारी उभा असलेला सहकारी तो घेतो, 'थँक्स' म्हणतो. संपलं. मायक्रोसॉफ्टच्या पानभर नियमांना याहून नेमकं उत्तर मला तरी सुचत नाही.

टाळ्यांच्या त्या गडगडाटात एक गोष्ट अलगद निसटून गेली. पीएस३ वर ऑनलाइन सामने फुकट होते. पीएस४ वर त्यासाठी वर्गणी भरावी लागणार, हेही सोनीने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी हेही स्पष्ट झालं की इतर प्रकाशकांनी आपल्या ऑनलाइन सेवेवर काय अटी घालाव्यात यात सोनी पडणार नाही. सोनी काही संत नव्हती. समोरचा खड्ड्यात उतरतोय हे पाहून ती काठावर शांत उभी राहिली, एवढंच.

मायक्रोसॉफ्टने तो खड्डा स्वतःच आणखी खोल केला. एक्सबॉक्सचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांना मुलाखतीत विचारलं, ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं? ते म्हणाले, सुदैवाने त्यांच्यासाठी आमच्याकडे एक वस्तू आहे, तिचं नाव एक्सबॉक्स ३६०. म्हणजे आठ वर्षांपूर्वीचा कन्सोल घ्या. आण्विक पाणबुडीवर काम करणाऱ्या माणसाच्या अडचणीचा उल्लेखही त्यांनी केला आणि सहानुभूती दाखवून पुढे गेले. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय ते धोरण नव्हे, हे वाक्य होतं. धोरणात दुरुस्ती करता येते. आपल्याला गिऱ्हाईक म्हणून मोजलंच जात नाही, हे एकदा लोकांना कळलं की ते पुसता येत नाही.

१९ जूनला मॅट्रिक यांच्याच सहीने माघार जाहीर झाली. ६ तारखेला जन्मलेलं धोरण तेरा दिवसांनी गेलं. आपल्याकडे दिवस मोजणाऱ्यांना हिशेब चुकण्याचं कारण नाही. पहिल्यांदा कन्सोल सुरू करताना एकदा इंटरनेट लागेल, मग नाही. डिस्क विका, द्या, भाड्याने द्या, आजवर जसं चालतं तसं. गेम ठरलेल्या प्रदेशातच चालण्याची अटही गेली. त्याबरोबर कुटुंबातल्या दहा जणांची वाटणीही गेली, आणि कन्सोलवर पूर्ण चढवलेला गेम खेळतानाही डिस्क आत घालून ठेवणं सक्तीचं झालं. पहिल्या दिवसाची ती एक जोडणी टाळता आली नाही, कारण नियम बदलणारं अपडेट उतरवून घेणं भाग होतं. १ जुलैला मॅट्रिक कंपनी सोडून झिंगा या गेम कंपनीत गेल्याची बातमी आली. त्याच महिन्यात काहींनी उलटी मागणी करणारी ऑनलाइन याचिका काढली: ई-३ मध्ये कबूल केलेला एक्सबॉक्स आम्हाला परत द्या. तिच्यावर हजारोंनी सह्या केल्या. त्यांना ती दहा जणांची वाटणी हवी होती, आणि ती आधी नीट समजावून दिली असती तर अशी माणसं कितीतरी जास्त निघाली असती.

एक साधा मध्यममार्ग होता. डाउनलोड केलेल्या गेमना वाटणीची सोय द्यायची, आणि डिस्कला डिस्क राहू द्यायचं. ज्याला जे हवं ते तो घेईल. मायक्रोसॉफ्टला दोन्ही माल एकाच नियमात बसवायचे होते, आणि माघार घेतानाही त्यांनी दोन्ही एकदमच सोडले. प्रत्येक अटीत 'प्रकाशकाने मुभा दिल्यास' हे शेपूट लावल्याने कंपनीला वाटलं की आपण नामानिराळे राहू. ग्राहकाला त्यातून एवढंच कळलं की कोणता गेम विकता येईल हे विकत घेण्याआधी कोणीच सांगणार नाही.

आपल्याकडून पाहिलं तर प्रकरण आणखी विचित्र होतं. सुरुवातीच्या २१ देशांच्या यादीत भारत नव्हता आणि गेम ठरलेल्या प्रदेशातच सुरू करता येणार होते. त्या यादीत पोलंडही नव्हता, जिथे बनणारा विचर ३ हा गेम मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या मंचावर मिरवला होता. म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बाहेरून आलेला कन्सोल घेऊन खेळणाऱ्यांचा तर दरवाजाच बंद होता. पीएस४ भारतात जानेवारी २०१४ मध्ये आला, एक्सबॉक्स वन त्याच वर्षी सप्टेंबरात. नव्या पीएस४ गेमची किंमत ३,९९९ रुपयांपर्यंत जाई. इतके पैसे घालणारा कॉलेजातला मुलगा गेम महिन्याभरात संपवून हजारेक रुपये कमी करून पुढे विकणार, हे गृहीतच होतं. मित्रांच्या टोळीत एक डिस्क चार घरं फिरणार हेही. भारतीय कॉपीराइट कायदा याच्या आड येत नाही. कलम १४ नुसार संगणक प्रोग्रॅम व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क मात्र हक्कधारकाकडे आहे, त्यामुळे गेम भाड्याने देणारी दुकानं कायम जरा अंधुक जागेत उभी राहिली.

डिस्कवर हरलेली गोष्ट पुढे डिस्क काढूनच साधली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने डिस्कची खाच नसलेला एक्सबॉक्स वन एस विकायला काढला. २०२४ च्या पीएस५ प्रो मध्ये डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो. पीएस४ वर सोनीने २०१४ मध्ये शेअर प्ले आणलं, त्यात मित्राला तुमचा गेम इंटरनेटवरून एका वेळी ६० मिनिटं खेळता येतो. निन्टेंडोने २०२५ मध्ये डिजिटल गेम कुटुंबातल्या माणसाला १४ दिवस उसना द्यायची सोय दिली. २०१३ च्या दहा जणांच्या वाटणीपेक्षा ती कितीतरी तोकडी आहे, तरी तिच्यावर कोणी रस्त्यावर उतरलं नाही. उलट निन्टेंडोच्याच त्याच वर्षीच्या स्विच २ या कन्सोलच्या ज्या कार्डांवर गेम नसतोच, फक्त किल्ली असते आणि बाकी सगळं डाउनलोड करावं लागतं, त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पण ती कार्डं विकता येतात, देता येतात. किल्ली अकाउंटला न बांधता वस्तूला बांधली की देवाणघेवाण आपोआप शिल्लक राहते. मायक्रोसॉफ्टला हे २०१३ मध्ये करता आलं असतं.

डाउनलोड केलेल्या गेमचा प्रश्न फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने स्टीम हे संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीविरुद्ध लढवला. पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये विकायची मुभा द्या म्हणून सांगितलं, अपिलात २०२२ मध्ये ते उलटलं, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचाच निकाल कायम केला: गेम हे नुसतं सॉफ्टवेअर नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या पुनर्विक्रीचा युरोपीय नियम त्याला लागू होत नाही.

इकडे भारतात लोकांनी आपली वाट काढली आहे. गेम विकता येत नाही ना, मग अकाउंटच विकायचं. एका अकाउंटवर गेम घ्यायचा. एकाने ते आपल्या कन्सोलवर मुख्य म्हणून लावायचं, दुसऱ्याने त्याच अकाउंटवरून खेळायचं, आणि किंमत निम्मी-निम्मी. टेलिग्रामच्या गटांवर असे सौदे अनोळखी माणसांत रोज होतात. कंपन्यांच्या अटींत हे बसत नाही, पासवर्ड बदलून कोणी पळाला तर पैसे गेले, आणि अकाउंट बंद झालं तर दाद मागायला जागा नाही. पीएस५ चा नवा गेम हजारो रुपयांना मिळतो, त्यामुळे हे सगळं माहीत असूनही सौदे चालूच आहेत.